आमदाराचा हात कुणासाठी वर जातो? उद्योग, युनियन आणि देणगीदारांचा माग काढायची रीत

आपल्या आमदाराने कोणत्या विधेयकावर काय मत दिलं, हे शोधायला निघालेला माणूस पहिल्या आठवड्यातच थकतो. तशी यादी बहुतेक वेळा नसतेच. विधेयक मंजुरीला आलं की सभागृहात आवाजी मतदान होतं, अध्यक्ष ‘होय’चं बहुमत जाहीर करतात आणि कामकाज पुढे सरकतं. कुणी होय म्हटलं, कुणी गप्प बसलं, कुणी कँटीनमध्ये होतं, याची नोंद राहत नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला महाराष्ट्रातल्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठरावसुद्धा आवाजी मतदानाने मंजूर झाला होता, विरोधक मतविभागणी (एकेक मत मोजणं) मागत असतानाही. ३ आणि ४ जुलै २०२२ ला मात्र शिरगणती झाली. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत १६४ विरुद्ध १०७ आणि दुसऱ्या दिवशी विश्वासमतावर १६४ विरुद्ध ९९. अशी मोजलेली मतं फार क्वचित हाती लागतात.

मोजलेलं मत मिळालं तरी ते आमदाराचं स्वतःचं असेलच असं नाही. १९८५ पासून घटनेत दहावी अनुसूची आहे. पक्षाने व्हिप (असंच मत द्या असा आदेश) काढला आणि आमदाराने त्याविरुद्ध मत दिलं किंवा तो गैरहजर राहिला, तर पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणून बिल्डर असो, कामगार संघटना असो की हॉटेलवाले, शेवटच्या ‘होय’वर कुणी फार जोर लावत नाही. जोर लागतो तो त्याच्या आधी: प्रश्न कोणता टाकायचा, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) कुणाविरुद्ध लावायची, समितीत कुठला शब्द बदलायचा, कुठल्या अधिकाऱ्याला पत्र लिहायचं आणि कोणत्या विषयावर तोंड उघडायचं नाही. माग काढायचा असेल तर या ठिकाणी काढा.

सुरुवात एका विषयापासून

मुंबईत विधानसभेचे ३६ मतदारसंघ आहेत, शहर जिल्ह्यात १० आणि उपनगरात २६. सगळ्यांचा सगळा हिशेब मांडायला घेतलात तर काहीच पूर्ण होणार नाही. एक आमदार, एक विषय आणि एक कार्यकाळ धरा. विषय मतदारसंघातल्या पैशाशी आणि माणसांच्या संख्येशी जोडलेला असावा. लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जमिनी आणि जुन्या चाळी, चेंबूर-माहुलमध्ये रिफायनऱ्या आणि खत कारखाना, धारावीत चामड्याचे आणि शिलाईचे कारखाने, वर्सोवा-वरळीला कोळीवाडे, अंधेरीत सीप्झ हे निर्यात उद्योगांचं क्षेत्र. पुनर्विकास हा विषय जवळपास प्रत्येक मतदारसंघात चालतो. पण ‘पुनर्विकास’ एवढंच धरू नका. ‘म्हाडाच्या जुन्या वसाहती’ किंवा ‘झोपडपट्टी पुनर्वसन’ इतका अरुंद करा.

मग एक तक्ता आखा. वहीत चालेल, एक्सेलमध्ये उत्तम. रकाने असे: तारीख, अधिवेशन, आयुध (प्रश्न, लक्षवेधी असं सभागृहातलं साधन), विषय, ज्याचं नाव आलं ती कंपनी, सोसायटी किंवा भूखंड, आमदाराची मागणी, मंत्र्यांचं उत्तर, पुढच्या सहा महिन्यांत काय घडलं. शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि खरी गोष्ट बहुतेक तिथेच निघते.

विधिमंडळातली आयुधं वाचणं

वर्षाला साधारण तीन अधिवेशनं: मुंबईत अर्थसंकल्पी आणि पावसाळी, नागपूरला हिवाळी. प्रत्येक अधिवेशनाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या, दिवसाचा कामकाजाचा क्रम आणि कार्यवाहीचे वृत्तांत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर येतात. जुने वृत्तांत विधान भवनाच्या ग्रंथालयात असतात. तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न, नियम १०५ खालच्या लक्षवेधी सूचना, नियम २९३ खालच्या चर्चा, कपात सूचना, औचित्याचे मुद्दे आणि अशासकीय (मंत्री नसलेल्या आमदारांनी मांडलेली) विधेयकं, हे सगळं तक्त्यात घ्या.

नवखा माणूस इथे एक चूक हमखास करतो. तारांकित प्रश्नावर दहा-पंधरा आमदारांची नावं असतात आणि तो सगळ्यांच्या नावावर तो प्रश्न मांडतो. सह्या एकमेकांच्या प्रश्नांवर सर्रास होतात. पहिलं नाव कुणाचं आणि सभागृहात उभं राहून उपप्रश्न कुणी विचारले, एवढंच वजनाने धरा. बाकीच्या सह्या वेगळ्या रकान्यात टाका.

प्रश्नाची भाषा नीट वाचा. ‘मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीबाबत’ हा धोरणाचा प्रश्न झाला (उपकरप्राप्त म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती). पण ‘अमुक रस्त्यावरील अमुक नगर भूमापन क्रमांकाच्या भूखंडावरील प्रकल्पास दिलेली स्थगिती’ असा प्रश्न आला, तर त्यामागे कुणीतरी कागद पुरवलेत हे नक्की. पुरवणारा रहिवासी असेल, प्रतिस्पर्धी विकासक असेल किंवा त्याच प्रकल्पाचा विकासक असेल. हे ठरवायला मागणी काय आहे ते पाहा. स्थगिती उठवा म्हणतोय की चौकशी लावा म्हणतोय? चौकशीची मागणी मोठ्या आवाजात झाली आणि पुढच्या अधिवेशनात तो विषयच नाहीसा झाला, तर त्या तारखेपुढे खूण करा. मधल्या काळात प्रकल्पाचा विकासक बदलला का, भागीदार आला का, हे पुढे तपासायचं आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारणं ही कल्पनेतली गोष्ट नाही. डिसेंबर २००५ मध्ये त्याच कारणाने अकरा खासदारांना संसदेतून काढलं गेलं.

समित्यांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. एखादं विधेयक संयुक्त समितीकडे गेलं की नागरिकांकडून आणि संघटनांकडून सूचना मागवतात, समिती अहवाल देते, त्याला काही वेळा असहमत सदस्यांच्या भिन्नमतपत्रिकाही जोडतात. मूळ विधेयक आणि समितीने दुरुस्त केलेलं विधेयक शेजारी ठेवून ओळन्‌ओळ जुळवा. कोणता शब्द गळला, कोणता आला, त्याचा फायदा कुणाला? शहरी नक्षलवाद रोखण्यासाठी म्हणून आणलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या. कामगार संघटनाही विरोधात होत्या. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झालं आणि उघड विरोध नोंदवला तो डहाणूचे मार्क्सवादी कम्युनिस्ट आमदार विनोद निकोले यांनी. मुंबईतल्या ज्या आमदारांचा पाया युनियनमध्ये आहे, ते त्या दिवशी काय बोलले आणि काय बोलले नाहीत, हे वृत्तांतात पाहण्यासारखं आहे.

सभागृहात न येणारे निर्णय

मुंबईत सगळ्यात मोठा पैसा ज्या निर्णयांत असतो, त्यातले कित्येक मतदानाला येतच नाहीत. गिरण्यांच्या जमिनींचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची करायची, जिच्यावर बांधकाम उभं आहे तिची नाही, असा त्याचा अर्थ झाला आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये २००१ चा बदल कायम ठेवला. सुमारे सहाशे एकर जमिनीचं भवितव्य ठरलं आणि विधानसभेत कुणाचा हात वर झाला नाही, कारण हा बदल नगररचना कायद्याखालच्या अधिसूचनेने होतो.

तसंच जानेवारी २०२१ चं. बांधकामाच्या प्रीमियममध्ये (जादा बांधकामासाठी सरकारला आणि पालिकेला भरायच्या रकमेत) वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सवलत मंत्रिमंडळाने दिली, दीपक पारेख समितीच्या शिफारशीवरून आणि ग्राहकाचं मुद्रांक शुल्क विकासकाने भरायच्या अटीवर.

म्हणून तक्त्याला दुसरं पान जोडा. त्यात राजपत्रातल्या अधिसूचना, शासन निर्णय आणि प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खालचे विकास आराखड्यातले फेरबदल नोंदवा. कलम ३७ ची सूचना निघाली की हरकतींसाठी एक महिना असतो. त्या महिन्यात आमदाराने हरकत घेतली का, पाठिंबा दिला का, की काहीच केलं नाही? नगरविकास विभागाकडे माहिती अधिकारात हरकतींची यादी मागा, ती मिळते.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना महाराष्ट्रातल्या दोन अटी पाळा: अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. शुल्क दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘आमदारांनी दबाव का आणला’ असं विचारलं तर उत्तर शून्य येतं. कागद मागा. मजकूर साधारण असा ठेवा: ‘नगर भूमापन क्रमांक … या भूखंडावरील पुनर्विकास प्रस्तावाबाबत दिनांक … ते … या कालावधीत लोकप्रतिनिधींकडून प्राप्त झालेली सर्व पत्रे, त्यावरील टिपण्या आणि पाठवलेली उत्तरे यांच्या प्रती मिळाव्यात.’ हा अर्ज झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हाडा आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयात वेगवेगळा टाका. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसला, तेव्हापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकांची जागा मोकळी राहिली आणि विभाग कार्यालयांत आमदारांच्या पत्रांचं वजन वाढलं. त्या काळातली पत्रं मुद्दाम मागा. एक पत्र फार सांगत नाही, तो रोजचा व्यवहार आहे. एकाच विकासकासाठी तीन कार्यालयांना दोन वर्षांत नऊ पत्रं गेली असतील तर मात्र थांबून विचार करावा लागतो.

पैशाचे कागद

पहिला कागद उमेदवारी अर्जाबरोबरचं शपथपत्र, नमुना २६. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते पाहता येतं. लोक मालमत्तेचा आकडा पाहून सोडून देतात. तुम्ही देण्यांचा भाग काढा. बँक सोडून कोणत्या व्यक्तीकडून किंवा कंपनीकडून कर्ज घेतलंय, स्वतः कुणाला उसने दिलेत, जोडीदाराच्या नावावर कुठल्या भागीदारी संस्था आहेत. मतदारसंघात काम करणाऱ्या विकासकाच्या कंपनीकडून विनातारण कर्ज असेल, तर त्याचं वजन कुठल्याही देणगीपेक्षा जास्त. दोन निवडणुकांची शपथपत्रं समोरासमोर ठेवली की नवी नावं लगेच दिसतात.

दुसरा कागद निवडणूक खर्चाचा हिशेब. निकालापासून तीस दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. गेल्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ ला लागला, म्हणजे मुदत २३ डिसेंबर. मुंबई शहराचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टमधल्या जुन्या कस्टम हाऊसमध्ये, उपनगरचं वांद्रे पूर्वेला. नाममात्र शुल्कात कुणालाही हिशेब पाहता येतो आणि साक्षांकित प्रती घेता येतात. विधानसभेसाठी खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. अनुसूची ७ मध्ये उमेदवाराचे स्वतःचे पैसे, ८ मध्ये पक्षाकडून आलेले, ९ मध्ये इतर व्यक्ती, कंपन्या, संस्था यांचं कर्ज, भेट किंवा देणगी.

अनुसूची ९ बऱ्याचदा रिकामी किंवा किरकोळ असते. बाहेरचा खर्च हिशेबात येऊच दिला जात नाही. तेव्हा निवडणूक यंत्रणेने ठेवलेली छाया निरीक्षण नोंदवही मागा. आयोगाच्या पथकांनी सभा, मांडव, गाड्या, खुर्च्या प्रत्यक्ष पाहून केलेली ती नोंद असते आणि तिला जिल्ह्याचं दरपत्रक लावलेलं असतं. उमेदवाराचा हिशेब आणि ही वही यांतली तफावत म्हणजे कुणीतरी परस्पर उचललेला खर्च असू शकतो.

तिसरा, पक्षाच्या देणग्या. वीस हजारांवरच्या देणगीदारांची नावं पक्ष नमुना २४अ मध्ये आयोगाला देतात. निवडणूक न्यास कुठल्या कंपनीकडून घेतलं आणि कुठल्या पक्षाला दिलं ते वर्षाला जाहीर करतात. निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले आणि मार्चमध्ये क्रमांकांसह माहिती बाहेर आली. त्यामुळे एप्रिल २०१९ नंतरच्या रोख्यांची खरेदी आणि वटवणूक क्रमांकाने जुळवता येते. कंपन्यांच्या अमर्याद देणगीला वाट देणारी २०१७ ची दुरुस्तीही त्याच निकालात गेली. हे सगळे पैसे पक्षाचे असतात. अमुक कंपनीने रोखा घेतला म्हणून अमुक आमदाराने प्रश्न टाकला, ही उडी कधीही मारू नका. पक्षाच्या देणगीचा मागोवा मंत्रिमंडळाच्या निर्णयांशी लावता येतो, एका आमदाराच्या वागण्याशी सहसा लागत नाही.

आमदाराच्या जवळचा पैसा मुंबईत वेगळ्या वाटेने जातो. गणेशोत्सव मंडळ, दहीहंडी, शाळा चालवणारा न्यास, व्यायामशाळा, पतपेढी. उत्सवाची स्मरणिका मिळवा आणि पानभर जाहिराती कुणाच्या आहेत त्याची यादी करा. कमानींवरच्या ‘शुभेच्छुक’ नावांचे तारखेसह फोटो काढा. न्यासाचे लेखापरीक्षित हिशेब वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात दाखल होतात. शेड्यूल आठमध्ये ताळेबंद, नऊमध्ये उत्पन्न-खर्च. मग त्याच विकासकाचा सामाजिक दायित्व निधीचा (सीएसआर) वार्षिक अहवाल उघडा, त्यात त्या न्यासाचं नाव सापडतं का पाहा. विकासकाचे भागीदार आणि संचालक महारेराच्या (गृहप्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामकाच्या) नोंदणीत मिळतात. कंपनीचे कागद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपयांत पाहता येतात.

नावं जुळवताना घाई नको. पाटील, शिंदे, शहा, खान या आडनावांची हजारो माणसं या शहरात आहेत. संचालक क्रमांक, पत्ता आणि वडिलांचं नाव, यांतल्या किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय दोन नावं एकाच माणसाची मानू नका.

युनियनचं वजन कसं मोजायचं

युनियनला पैशाच्या तराजूत तोललं तर हिशेब चुकतो. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यापासून राजकीय कामासाठी युनियनला वेगळा निधी ठेवावा लागतो, आणि त्यात वर्गणी द्यायची सक्ती सभासदावर करता येत नाही. त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तशी तरतूद आहे. तो निधी बहुतेक वेळा लहान असतो. युनियनची ताकद माणसं, कामबंद आणि पदं यांत असते.

माथाडींकडे पाहा. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केलं, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि मालक, कामगार, सरकार अशी त्रिपक्षीय मंडळं आली. मंडळावर कुणाची नेमणूक होते, ती किती काळ रिकामी राहते, नोंदणी कुणाच्या टोळीला (कामगारांच्या गटाला) मिळते, यावरून युनियनचं आमदाराशी कसं चाललंय ते कळतं. पण संख्येलाही मर्यादा आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीची मान्यता सामंतांकडे नव्हे, राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्या युनियनकडे होती आणि तो कायदा सरकारने हलू दिला नाही. १९८४ ला सामंत लोकसभेवर निवडून गेले, गिरण्या मात्र पूर्वीसारख्या सुरू झाल्या नाहीत.

युनियनचे पदाधिकारी आणि वार्षिक विवरणपत्र कामगार विभागाकडे मिळतात, मुंबईत कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात. आमदार कोणत्या युनियनचा अध्यक्ष किंवा सल्लागार आहे ते आधी काढा. मंत्र्याला युनियनचं पद ठेवता येत नाही, असा बदल १९२६ च्या कायद्यात २००१ मध्ये झाला होता. म्हणून आमदार मंत्री झाला की त्या खुर्चीत कोण बसतो ते बघा. भाऊ, मुलगा की जुना कार्यकर्ता?

व्यापारी संघटनांचं तसंच, फक्त त्यांना सभागृहापेक्षा न्यायालय जवळचं वाटतं. दुकानांवरच्या मराठी पाट्यांची सक्ती २०२२ मध्ये कायद्यात आली. लाखो मराठी मतदारांसमोर आमदार व्यापाऱ्यांची बाजू घेणार नव्हते. किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २५ सप्टेंबर २०२३ ला दोन महिन्यांत पाट्या लावायचा आदेश घेऊन आली. मतं ज्या बाजूला स्पष्ट असतात तिथे देणगीदार आमदाराला ओढू शकत नाही. त्याचा हात चालतो तो जिथे मतदाराचं लक्ष नसतं तिथे.

वजन करणं आणि लिहिणं

सगळं जमलं की तीन गोष्टी तपासा. पहिली, क्रम: पैसा आधी की मागणी आधी? दुसरी, शेजारी: त्याच पक्षाचे, तसाच मतदारसंघ असलेले आणखी दोन आमदार त्या विषयावर काय करतात? तेही तेच करत असतील तर ती पक्षाची भूमिका आहे. तिसरी, मतदारसंघाचं खरं हित. म्हाडाच्या घरासाठी दीड लाखांहून जास्त गिरणी कामगारांचे आणि वारसांचे अर्ज आहेत. ज्याच्या मतदारसंघात असे अर्जदार दाटीने राहतात, तो आमदार प्रत्येक अधिवेशनात घरांचा प्रश्न टाकत असेल तर तो त्याचं कामच करतोय, मग कामगार संघटनेने त्याचा सत्कार केलेला असो वा नसो. हे वेगळं काढलं नाही तर प्रामाणिक आमदारावर अन्याय होतो.

लिहिताना कागद जेवढं सांगतो तेवढंच लिहा. ‘मत विकलं’, ‘पैसे खाल्ले’ हे शब्द वापरलेत तर बदनामीचा खटला किंवा हक्कभंग ओढवून घ्याल. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी लाच घेऊन मत देणाऱ्याला सभागृहाचं संरक्षण नाही, असा निकाल दिला, पण लाच सिद्ध करणं हे तपास यंत्रणेचं काम आहे. तुम्ही लिहायचं ते असं: या तारखेला कर्ज, या तारखेला प्रश्न, या तारखेला पत्र, या तारखेला आदेश.

छापण्याआधी तक्त्यातल्या त्या नोंदी आमदारांच्या कार्यालयाला ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालाने पाठवा, प्रश्न क्रमांक टाकून, किमान सात दिवसांची मुदत देऊन. अधिवेशन चालू असेल तर दहा दिवस द्या. उत्तर आलं तर पूर्ण छापा, नाही आलं तर पोचपावतीची तारीख छापा.